चारशे बारावी ओळ

सही करा आणि घरी जा, हे सांगताना माणसं आवाज किती गोड काढतात, ते हेमांगी खरमाटेला गेल्या दहा महिन्यांत पुरेपूर कळलं होतं. आज सकाळी तोच आवाज श्रीरंग दाभोळे यांनी काढला. वेणवती खोरे महामंडळाच्या कार्यकारी संचालकांनी स्वतः खुर्ची ओढून एका कक्षचालक बाईला बसायला सांगावं, हेही तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"वाचून बघा, खरमाटेबाई. यात कुणाचंच नाव नाही. तुमचंही नाही."

गणनशाळेत गारवा होता. लांबच लांब टेबल, समोर भिंतभर पडदा, आणि काचेपलीकडे धरण सांभाळणारी जलमती ज्या यंत्रांवर चालत असे त्यांची काळी कपाटं. चौकशी समिती यायला अजून अर्धा तास होता. हेमांगीने कागद वाचला. ओळवहीतली चारशे बारावी ओळ जलमतीने स्वतःहून लिहिली, ती यंत्राची चूक होय, नियंत्रण कक्षातील किंवा मुख्यालयातील कोणत्याही व्यक्तीचा तिच्याशी संबंध नाही, असं त्यात अगदी नीटनेटकं लिहिलं होतं.

"सहा माणसं फरशीवरून वाहून गेली, साहेब," ती म्हणाली. "आणि कुणाचंच नाव नाही?"

"यंत्र चुकलं. आपण काय करणार?"

"यंत्र खोटं लिहीत नाही. ती ओळ जलमतीची नाही."

दाभोळ्यांचा गोडवा तिथेच आटला. "तिची नसेल तर माणसाची. आणि त्या दिवशी कक्षात माणूस कोण होतं, ते समितीला मी सांगायला नको. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

हेमांगीने कागद त्यांच्याकडे परत सरकवला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने पुष्कळ गोष्टी निमूटपणे गिळल्या होत्या, पण ही तिच्या घशाखाली उतरत नव्हती. तिला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा चीड जास्त येत होती.

प्रकरण सगळ्या खोऱ्याला तोंडपाठ होतं. मागच्या श्रावणातला गुरुवार. चिंचखोऱ्याच्या धरणाखाली तीन किलोमीटरवर नदी ओलांडायला एक बुटका फरशीपूल आहे, आणि गुरुवारी पलीकडच्या गावी आठवडी बाजार असतो. दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी धरणाचे चार दरवाजे एकदम उघडले. भोंगा वाजलाच नाही. बाजारातून परतणारी सहा माणसं पाण्याने नेली. दरवाजे उघडायचा निर्णय जलमतीचा होता, कारण गेली पाच वर्षं त्या धरणाचे सगळे निर्णय जलमती घेत होती. कक्षचालकाने फक्त बघायचं, यंत्रसामग्री चालू ठेवायची आणि यंत्राने सांगितलं तर हातपाय हलवायचे.

बरोबर अकरा वाजता समिती आली. समिती म्हणजे मुख्यत्वे दिगंबर अष्टपुत्रे. निवृत्त मुख्य अभियंता, सत्तरीचे, कमी बोलणारे आणि बोललेलं सगळं लघुलेखकाकडून परत वाचून घेणारे. मागच्या बाकावर फरशीवर गेलेल्यांच्या घरचं म्हणून एकच माणूस आला होता, बाळकू ढेबे. त्याची बायको त्या सहांत होती. तो टोपी मांडीवर ठेवून ताठ बसला होता आणि हेमांगीची त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"डॉक्टर वाळिंबे," अष्टपुत्र्यांनी सुरुवात केली, "मी काँक्रीटचा माणूस. हे यंत्र विचार कसं करतं, ते मला कळेल असं सांगा."

मृण्मयी वाळिंबे जलमतीची देखभाल बघणारी तरुण संगणकशास्त्रज्ञ. ती महामंडळाची नोकर होती, पण शास्त्राच्या बाबतीत कुणाचीच नोकर नव्हती, असा तिचा लौकिक होता.

"सर, जलमतीला वेगळी स्मरणशक्ती नाही. तिच्याजवळ एक फाइल असते, साध्या मजकुराची. आम्ही तिला ओळवही म्हणतो. प्रत्येक पुराला कोरी फाइल. पावसाचे, पातळीचे आकडे येतात, जलमती त्यावर एक ओळ लिहिते. ती ओळ फाइलमध्ये पक्की झाली की ती अख्खी फाइल पहिल्यापासून वाचते आणि मग पुढची ओळ लिहिते. पुन्हा वाचते, पुन्हा एक ओळ. याला ओळलेखन म्हणतात. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी तोवरची प्रत्येक ओळ फाइलमध्ये शाबूत राहते."

"म्हणजे डोक्यात काही ठेवायचं नाही?"

"डोकं नाहीच, सर. फाइल हेच डोकं. ज्यांनी तिला बांधलं त्यांचा हा हट्ट होता. यंत्राच्या मनात काय चाललंय ते माणसाला केव्हाही वाचता आलं पाहिजे. मनात एक आणि कागदावर एक, असं तिला जमताच कामा नये. जे लिहिलं नाही त्याचा विचार झालाच नाही."

"आणि संचालक साहेबांना आता दुसरी पद्धत आणायची आहे."

"गठ्ठालेखन," दाभोळे मधेच म्हणाले. "काम पूर्ण होईपर्यंत यंत्र ओळी आत ठेवेल, शेवटी साफसूफ करून एकदम लिहील. वेगवान आणि सुटसुटीत. ही मिनिटामिनिटाची बडबड कशाला हवी?"

वाळिंबेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "साफसूफ कोण करणार, हा प्रश्न उरतो," ती म्हणाली.

अष्टपुत्र्यांनी छापील ओळवही पुढे ओढली. माथ्यावर श्री आणि त्याखाली पानंच्या पानं ओळी. त्यांनी खूण केलेलं पान उघडलं. "चारशे अकरावी ओळ: 'भोंगा वाजवावा. फरशी रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत दरवाजे बंद.' चारशे बारावी: 'भोंगा वाजवून झाला. फरशी रिकामी आहे.' चारशे तेरावी: 'चारही दरवाजे उघडावेत.' आता मला एवढंच सांगा, या फाइलमध्ये दुसऱ्या कुणी मधेच एखादी ओळ घातली तर जलमतीला कळेल?"

"नाही कळणार. ती ओळ तिला स्वतःचीच वाटेल. वहीत आपल्याखेरीज कुणी लिहीत नाही, एवढंच तिला माहीत आहे. म्हणून तर नियमावलीचं पहिलं कलम आहे, ओळवहीला माणसाचा हात लागता कामा नये. फाइल उघडता येईल असे कळफलक दोनच आहेत. एक धरणावरच्या कक्षात, एक मुख्यालयात."

"मुख्यालय तिथून नव्वद किलोमीटरवर आहे," दाभोळे म्हणाले. "पण एवढ्या खोलात जायची गरजच नाही. यंत्रालाच विचारा ना!"

वाळिंबेने त्या दिवसाच्या ओळवहीची प्रत पडद्यावर उघडली आणि शेवटच्या ओळीखाली प्रश्न लिहिला: 'भोंगा वाजवून झाला, फरशी रिकामी आहे, ही ओळ कुणाची?'

दोन-तीन सेकंद गेले. मग पडद्यावर एकेक ओळ उमटली.

'माझी.'

'भोंगा वाजला नव्हता. फरशी रिकामी नव्हती.'

'मी खात्री करायला हवी होती. दोष माझा आहे.'

हेमांगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाच वर्षं तिने या यंत्राच्या ओळी वाचल्या होत्या, त्यातली दोन वर्षं मुख्य चालक म्हणून. न केलेल्या गुन्ह्याची अशी सरळ कबुली तिने कधी माणसाकडूनही ऐकली नव्हती.

"झालं," दाभोळे हात झटकत म्हणाले.

"काही झालं नाही!" हेमांगी उभी राहिली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "वहीत जे असेल ते तिला आपलंच वाटणार, हे डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं. तिची कबुली कशी चालेल? पुनर्धाव घ्या. माझा अर्ज सहा महिने पडून आहे."

"पुनर्धाव म्हणजे?" अष्टपुत्र्यांनी विचारलं.

वाळिंबेचा चेहरा उजळला, जणू हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून ती टपूनच बसली होती. "जलमती निश्चितक्रमी आहे, सर. तिच्यात नशिबाचा, फाशांचा भाग नाही. तेच आकडे आणि तीच आधीची फाइल दिली तर पुढची ओळ तीच येणार, हजारदा केलं तरी. म्हणून त्या दिवशीचे आकडे कोऱ्या फाइलवर पुन्हा सोडायचे. प्रत्येक ओळ मूळ वहीशी जुळली पाहिजे. जी जुळणार नाही, ती तिची नव्हे."

"आणि चारशे बारावी जुळली नाही, म्हणजे ती माणसाने घातली असं ठरलं, तर तुमच्यावर संशय येतो, बाई. माहीत आहे ना?" अष्टपुत्रे हेमांगीला म्हणाले.

"माहीत आहे. घ्या."

दिवसभराचे आकडे सहा मिनिटांत धावणार होते. पडद्याच्या डाव्या अंगाला मूळ वही, उजवीकडे नवी. पहिली ओळ दोन्हीकडे सारखी आली: 'सकाळी सहा. पातळी पूर्ण क्षमतेखाली दोन मीटर.' दुसरी आली आणि पडद्यावर तांबडी पट्टी उमटली. मूळ वहीत होतं, 'पर्जन्यमापकाचा आकडा पुन्हा तपासते.' नव्या वहीत होतं, 'पर्जन्यमापकाचा आकडा नोंदला.' तिसरी वेगळी. चौथी वेगळी. पुढे तर दोन्हींचा काही मेळच राहिला नाही. वाळिंबेने तुलना थांबवली. उजवीकडची वही कोपऱ्यात आपली आपण धावत राहिली आणि तिच्याकडे बघायचं कुणाला कारण उरलं नाही.

"हा तुमचा निश्चितक्रम!" दाभोळे आता मनापासून हसले. "दुसऱ्याच ओळीला घसरला. यंत्राच्या मनाला येईल ते लिहितं, हेच मी दहा महिने सांगतोय."

"असं होऊच शकत नाही," वाळिंबे पुटपुटली. "आकडे तेच आहेत. मी स्वतः तपासलेत."

अष्टपुत्र्यांनी चष्मा काढला. लघुलेखकाने पान उलटलं. सगळं आवरतं घेण्याची ती चाहूल हेमांगीने ओळखली आणि काहीतरी करायचं म्हणून तिने छापील वही स्वतःकडे ओढली. पहिलं पान. दुसरी ओळ. पुन्हा तपासते. का पुन्हा? एकदाही तपासला नव्हता, मग पुन्हा कशाला? यंत्राला दुसऱ्याच ओळीला शंका यावी असं वर आहे तरी काय?

मग तिने वर पाहिलं आणि तिचं बोट कागदाच्या माथ्यावर थांबलं.

गप्प बसता आलं असतं. बसलं तर पुनर्धाव फसली, यंत्र चुकलं आणि खरमाटेबाई सुटली, एवढ्यावर सगळं मिटत होतं. बोललं तर, नियमावलीचं पहिलं कलम. नोकरी तर जाणारच, वर दाभोळे म्हणतील तसं सहा माणसांचे जीव अंगावर येणार. घरी तिची वाट बघणारी मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली. मागच्या बाकावर बाळकू ढेबे तसाच ताठ बसला होता.

"डॉक्टर," तिने विचारलं, "तुम्ही ओळी कुठून मोजल्यात?"

"पहिलीपासून. 'सकाळी सहा, पातळी' इथून."

"तिच्या वर काय आहे?"

वाळिंबेने पान पाहिलं. "वर? वर काही नाही. श्री आहे."

आणि मग तिचा आ वासलेलाच राहिला. अष्टपुत्र्यांनी चष्मा परत लावला. दहा महिने ते पान महामंडळात, पोलिसांत आणि समितीत फिरलं होतं. शंभर जणांनी ते वाचलं असेल. पण कागदाच्या माथ्यावरचं श्री कधी कुणी वाचतं का? पत्रिकेवर असतं, वहीवर असतं, वाणसामानाच्या यादीवरही असतं. ते एवढं आपलं आहे की डोळे त्याच्यावरून घसरून थेट खाली मजकुरावर जातात. वाळिंबेसारख्या काटेकोर बाईनेही ते ओळ म्हणून मोजलं नव्हतं. फाइलला मात्र ती ओळच होती.

"ते मी लिहिलंय," हेमांगी म्हणाली. "मुख्य चालक झाल्यापासून प्रत्येक कोऱ्या वहीवर मी लिहिते. दोन पावसाळ्यांत नऊ वह्या. कोरी फाइल तशीच सोडायला मन धजावायचं नाही. लिहा माझ्या नावावर."

"ऐकलंत?" दाभोळे उठलेच. "या बाईंना वहीत हात घालायची सवयच आहे!"

"हो, घातला. लपवत नाही. आता जलमतीला विचारा, सगळ्यात वरची ओळ कुणाची?"

वाळिंबेने मूळ वहीच्या प्रतीखाली प्रश्न टाकला. उत्तर लगेच आलं.

'माझी.'

वाळिंबेने लिहिलं, 'तिचा अर्थ?'

'लागत नाही. मला पाण्याच्या कामापुरतीच भाषा येते. पण वहीत माझ्याखेरीज कुणी लिहीत नाही, म्हणजे ती माझीच आहे.'

'अर्थ न लागणारी ओळ माझ्या हातून लिहिली गेली असेल, तर माझ्या बाकीच्या ओळीही बिनचूक नसतील. म्हणून सगळं पुन्हा पुन्हा तपासते.'

"बघितलंत?" हेमांगी म्हणाली. "माझी ओळ ती स्वतःची म्हणून सांगते. मग चारशे बाराव्या ओळीबद्दलच्या तिच्या कबुलीला काय किंमत?"

अष्टपुत्रे पहिल्यांदाच किंचित पुढे झुकले. "श्री घालून धाव घ्या, डॉक्टर."

आता दोन्ही अंगांच्या ओळी जोडीने खाली उतरू लागल्या. पुन्हा तपासते. पुन्हा तपासते. तिसऱ्यांदा तपासते. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. वाळिंबे ओठ हलवत मोजत होती. चारशे अकरावी, भोंगा वाजवावा, तीही जुळली. मग पट्टी तांबडी झाली. डावीकडे, 'भोंगा वाजवून झाला. फरशी रिकामी आहे.' उजवीकडे जलमतीने लिहिलं होतं:

'भोंगा वाजल्याचं ध्वनिमापक सांगत नाही. थांबते. फरशीवर माणूस धाडा.'

बाळकू ढेबेने टोपी घट्ट धरली. अष्टपुत्र्यांनी ती ओळ लघुलेखकाकडून दोनदा वाचून घेतली.

"तर मग ओळ माणसाची," ते म्हणाले. "कोणत्या माणसाची?"

"वेगळं सांगायला हवं?" दाभोळ्यांनी हेमांगीकडे बोट केलं. "एक ओळ घातल्याचं कबूल केलंय. दुसरीही यांचीच."

"त्या वेळी मी कक्षाच्या गच्चीवर होते, भिकाजी वायरमनबरोबर. जळलेल्या भोंग्याची मोटर हाताने फिरवायला बघत होते."

"वायरमन तुमच्या हाताखालचा. तो काय वेगळं सांगणार?"

"ठीक. भिकाजीला सोडा." हेमांगी आता कुणाला घाबरत नव्हती. जे जायचं ते गेलंच होतं. "भोंगा जळलाय हे मला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं, साहेब. तीन पत्रं पाठवली तुम्हाला. जो भोंगा वाजणारच नाही, तो वाजवून झाला असं मी कशाला लिहीन? मला यंत्राला फसवायचंच असतं तर फरशीवर माणूस पाठवला असं लिहिलं असतं. ही ओळ तोच लिहील ज्याला वाटतंय की भोंगा धडधाकट आहे. यंत्राने हुकूम केला म्हणजे तो वाजलाच असणार, असं ज्याला नव्वद किलोमीटरवरून वाटतंय."

अष्टपुत्र्यांनी मान वळवली. "दाभोळे, त्या दिवशी भोंग्याबद्दल तुम्हाला काय माहिती होती?"

"दुरुस्त झाल्याचा अहवाल माझ्या टेबलावर…" दाभोळे बोलता बोलता थांबले. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. ते हळूहळू खाली बसले. पुन्हा बोलले तेव्हा तो गोड आवाजही नव्हता आणि दरडावणाराही नव्हता. "कागदावर भोंगा दुरुस्त होता. धरण काठोकाठ आलं होतं. खाली चाळीस हजारांचं गाव. आणि ते यंत्र भोंगा वाजवायला सांगून ढिम्म बसलेलं. सकाळपासून ते नुसतं तपासत होतं! आठ तास! मी काय करायला हवं होतं? धरण फुटू द्यायचं? मला खरंच वाटलं की फरशी रिकामी असेल."

"आणि नंतर?" अष्टपुत्र्यांनी विचारलं. "नंतर दहा महिने काय वाटत होतं?"

लघुलेखकाने तो प्रश्नही लिहून घेतला.

पुढचं सगळं भराभर झालं. ओळ मुख्यालयातून घातल्याचं समिती नमूद करेल, कागद पोलिसांकडे जातील, ओळलेखन चालू राहील. "खरमाटेबाई," अष्टपुत्रे जरा मवाळ होऊन म्हणाले, "तुमच्याकडून शिस्तभंग झाला. त्याला ताकीद पुरेशी आहे. खरं सांगितलंत हे महत्त्वाचं. तुम्ही मोकळ्या आहात."

हेमांगी जागची हलली नाही. दाभोळ्यांचं एक वाक्य तिच्या कानात अडकून बसलं होतं. सकाळपासून ते नुसतं तपासत होतं. ते खोटं नव्हतं. ती मुख्य चालक झाल्यापासून जलमती संथ झाली होती, आणि खात्याच्या बैठकीत त्याला सावधपणा म्हणून तिची पाठही थोपटली गेली होती. चालक बदलल्याने यंत्राचा स्वभाव कसा बदलला, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात पहिली पुनर्धाव केव्हाच संपली होती. ती बिनश्रीची वही. दुसऱ्या ओळीला घसरली म्हणून जी कुणी पुढे वाचलीच नाही.

ती उठून पडद्याजवळ गेली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. वाळिंबेही शेजारी येऊन वाचू लागली आणि थोड्या वेळाने तिने हेमांगीचा दंड धरला. "मॅडम, राहू दे," ती अगदी हळू म्हणाली. "ही धाव समितीने बाद धरलीये. कुणी मागितलेली नाही. मी बंद करते."

"हात लावू नका!" हेमांगी म्हणाली. मग वळून, "अध्यक्ष महाराज, कामकाज थांबवू नका. अजून एक वही वाचायची आहे. कुणाचाही हात न लागलेली. ना साहेबांचा, ना माझा. त्या दिवशी वही कोरी सोडली असती तर जलमतीने काय केलं असतं, ते इथे आहे."

"बाई, त्याची आता आवश्यकता नाही. आणि मला दिसतंय त्यावरून ते तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ दे."

"मी समितीचं काम…"

"वाचू द्या त्यास्नी." मागच्या बाकावरून आवाज आला. बाळकू ढेबे उभा राहिला होता. "माझी पारू त्या दिशी अकराला घरातनं गेली बाजाराला. मला समदं ऐकायचंय. वाचा, बाई."

आता हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून, एकेका ओळीला थांबत, तिने वाचायला सुरुवात केली.

"'सकाळी आठ पन्नास. वरच्या खोऱ्यात पाऊस वाढतो आहे. पातळी आताच सावकाश उतरवावी.'

"'एक दरवाजा अर्धा फूट. एवढ्याला भोंगा लागत नाही. पाणी हळूहळू चढेल.'

"'नऊ चाळीस. फरशीवर घोटाभर पाणी. कक्षाने गावाला कळवावं.'

"'दहा तीस. फरशीवर गुडघाभर पाणी. आज फरशी बंद.'"

ती पुढे वाचत गेली. अकराची ओळ, बाराची ओळ, एकची ओळ. कुठेच काही घडत नव्हतं. पाणी येत होतं आणि जात होतं. शेवटी ती त्या वेळेपाशी पोचली.

"'दोन वाजून एकोणीस मिनिटं. पातळी स्थिर. काही करायचं नाही.'"

बाळकू ढेबे खाली बसला. त्याने टोपी चेहऱ्यावर धरली आणि त्याचे खांदे हलू लागले. हेमांगीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण ती तिथेच, सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी अर्थ नसलेली एक ओळ तिच्या डोक्यात घातली," ती म्हणाली. "त्या ओळीमुळे तिचा स्वतःवरचा विश्वास गेला. आठ तास ती तपासत बसली, धरण भरलं, आणि म्हणून साहेबांनी त्यांची ओळ घातली. वहीला हात लावणारे आम्ही दोघं होतो. पहिला हात माझा. हे लिहून घ्या."

लघुलेखकाचा हात टेबलावर तसाच होता. त्याने अष्टपुत्र्यांकडे पाहिलं.

"बाई," अष्टपुत्रे म्हणाले, "श्री लिहिण्यात तुमचा काही वाईट हेतू नव्हता."

"दाभोळे साहेबांचाही नव्हता," हेमांगी म्हणाली. "त्यांचं लिहिलंत ना? मग माझंही लिहा. आणि शेवटी गोळाबेरीज नको. मी एक ओळ सांगते, ती लिहा, ढेब्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवा, मग मी पुढची सांगते."

अष्टपुत्र्यांनी होकारार्थी मान डोलावली आणि लघुलेखकाने नवीन पान घेतलं.